परसबागेत ॲलिसमची लागवड

भाद्रपद सरत आला, पावसाचा जोर ओसरला, म्हणजे खेड्यापाड्यांतील परसदारी भाजीच्या वाफ्यांची तयारी सुरू होते. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मेथी, कोथिंबीर अशी भाजी घरापुरती लावावयाची आणि माघापर्यंत तिचा उपभोग घ्यावयाचा, ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. डिसेंबरपर्यंत सर्व ठीक चालते. पुढे दोन दिवस आभाळ भरून येते, आणि आठवड्याभरात कोबीच्या पानांच्या मागील बाजूस व कोवळ्या गाभ्यात करड्या माव्याचे थर बसलेले दिसतात. पाने आक्रसतात, चिकट होतात, आणि गड्डा धरण्याची आशा उरत नाही.

अशा वेळी घरातील कर्ता पुरुष जो उपाय करतो तो काळजी वाटण्यासारखा आहे. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या फवारणीतून पंपाच्या तळाशी जे औषध उरलेले असते, ते तो जाता जाता परसातील भाजीवर मारून मोकळा होतो. त्याच वाफ्यातून दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीची जुडी खुडली जाते आणि मूल मुळ्याचा पाला तसाच तोंडात घालते. औषधाच्या लेबलावर ज्या पिकाचे नाव नाही त्या पिकावर ते मारावयाचे नसते. ज्यावर मारावयाचे त्यावरही फवारणी आणि तोडणी यांमध्ये ठराविक दिवस जावे लागतात. कोथिंबिरीच्या बाबतीत हे दिवस पाळणार कोण? शेतातील फवारणीचे धोकेही आपण जाणतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. परसबागेत तरी हा पंप शक्यतो येऊ नये, अशी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. या व्यवस्थेत ॲलिसम या लहानशा फुलझाडाचा उपयोग होतो, म्हणून त्याची माहिती येथे दिली आहे.

झाडाची ओळख

शहरांतील बागांमधून रस्त्याच्या कडेने, हिरवळीच्या काठाने पांढऱ्या फुलांची बुटकी किनार लावलेली पुष्कळांनी पाहिली असेल. तेच ॲलिसम होय. शास्त्रीय भाषेत यास लोब्युलेरिया मॅरिटिमा असे म्हणतात. हे मूळचे भूमध्य समुद्राच्या काठचे असून तेथे ते समुद्रकाठच्या रेताड व खडकाळ जागी आपोआप वाढते. मॅरिटिमा या शब्दाचा अर्थच मुळी समुद्राजवळचे असा आहे. आपल्याकडे यास रूढ मराठी नाव नाही. माळी लोक व रोपवाटिकावाले ॲलिसम असेच म्हणतात आणि बियाण्याच्या पाकिटावरही तेच नाव असते.

झाडाची उंची 10 ते 25 सेंटीमीटर, म्हणजे फार तर वीतभर. ते उंच न वाढता जमिनीलगत पसरते आणि एक झाड 20 ते 30 सेंटीमीटर जागा झाकते. पाने बारीक व लांबट. फुले मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, चार पाकळ्यांची, आणि गुच्छांनी येणारी. फूल नीट न्याहाळले तर चार पाकळ्या अधिकाच्या चिन्हाप्रमाणे मांडलेल्या दिसतात. मोहरी, मुळा, कोबी यांच्या फुलांची मांडणी अशीच असते, कारण ही सर्व एकाच कुळातील झाडे आहेत. हे कुलसाम्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. पांढऱ्या रंगाचे वाण सर्वांत काटक असतात. गुलाबी आणि जांभळ्या फुलांचेही वाण मिळतात. सुवास मधासारखा येतो, आणि संध्याकाळी वारा पडला म्हणजे ओटीवर बसलेल्यासही तो जाणवतो.

हे फूल देवाच्या परडीत घालण्याजोगे नाही, वेणीत गुंफण्याजोगे नाही, आणि बाजारात विकण्याजोगे तर मुळीच नाही. म्हणूनच आपल्या खेड्यांत ते आले नसावे. झेंडू, शेवंती, निशिगंध यांना जागा मिळते, कारण त्यांचे दोन पैसे होतात किंवा देवाला वाहता येतात. ॲलिसमचा उपयोग निराळ्या जातीचा आहे.

नावासंबंधी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ॲलिसम हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ वेड घालविणारे असा होतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर या नावाची वनस्पती गुणकारी आहे अशी प्राचीन काळी त्या देशात समजूत होती. ही समजूत निराधार आहे. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. कोणत्याही पाल्याच्या रसावर विसंबून राहू नये.

माशी आणि मावा

माव्याला खाणारे अनेक कीटक निसर्गात आहेत. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरा, आता बहुतेक शेतकऱ्यांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्याइतकीच कामाची, परंतु फारशी कोणी न ओळखणारी, अशी सिरफिड माशी आहे. ही माशी दिसते लहान मधमाशीसारखी. पोटावर पिवळे व काळे आडवे पट्टे, मोठे डोळे, आणि फुलासमोर हवेत एकाच जागी तरंगत राहण्याची सवय. मधमाशीस चार पंख असतात, हिला दोन. ही दंश करीत नाही.

माशी स्वतः मावा खात नाही. ती फुलांतील मध व पराग यांवर जगते. मादीस पराग पुरेसा मिळाला तरच तिची अंडी पक्व होतात. मग ती माव्याचा थवा शोधते आणि त्याच्या जवळ तांदळाच्या कणीसारखी पांढरी लांबट अंडी एकेक करून घालते. दोन ते चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते. या अळीला पाय नसतात, डोके वेगळे दिसत नाही, पुढचा भाग निमुळता व मागचा जाड असतो, आणि रंग हिरवट किंवा मातकट असतो. ती माव्याला तोंडात धरून उचलते आणि आतील रस शोषून रिकामे कातडे टाकून देते. आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात एक अळी काहीशे मावा फस्त करते. नंतर पानावरच थेंबाच्या आकाराचा कोष होतो आणि त्यातून पुन्हा माशी निघते. अंड्यापासून माशीपर्यंतचा सर्व फेरा सुमारे तीन आठवड्यांचा आहे.

अडचण अशी की या माशीची सोंड आखूड असते. खोल नळीच्या फुलांतील मध तिला मिळत नाही. उथळ, उघडी, बारीक फुलेच तिला लागतात. कोबी, मेथी, पालक यांचा वाफा आपण फुलावर येऊ देत नाही, आणि बांधावरील रानफुले खुरपून टाकतो. म्हणजे जेथे मावा आहे तेथे माशीला खावयास काही नाही. ॲलिसमचे फूल उथळ आहे, ते एकदा सुरू झाले की महिनोन् महिने येत राहते, आणि झाड वीतभरच असल्याने भाजीवर सावली धरत नाही. हे तीन गुण एकत्र असलेली झाडे थोडी आहेत. शेपू, कोथिंबीर व बडीशेप फुलावर सोडल्यास त्यांवरही ही माशी येते, आणि ज्यांना ॲलिसमचे बी मिळणार नाही त्यांनी तसे अवश्य करावे. मात्र त्यांचा बहर थोड्या आठवड्यांत आटोपतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सालिनास खोऱ्यात सालाड म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या लेट्यूसची मोठी शेती आहे. तेथे सेंद्रिय पद्धतीने लेट्यूस पिकविणारे शेतकरी मावा आवरण्यासाठी सिरफिड माशीवरच भिस्त ठेवतात, आणि तिच्यासाठी शेतात ॲलिसमचे पट्टे राखतात. हे पट्टे बहुधा शेताच्या 5 ते 10 टक्के जागेत असतात. तेथील सरकारी संशोधन केंद्राने ॲलिसमची रोपे पिकात कशी पेरावी म्हणजे उत्पन्नास तोशीस लागणार नाही याचा अभ्यास करून 2013 साली तो प्रसिद्ध केला. सलग पट्टा न लावता थोडी रोपे पिकात ठिकठिकाणी विखुरली, तर जागा कमी अडते, असा त्याचा रोख आहे. आपल्या परसबागेस हीच रीत सोयीची.

पिकाच्या राखणीसाठी दुसरे झाड लावण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या ओळी लावण्याची शिफारस केली आहे, ती अनेकांना ठाऊक असेल. तेथे मोहरी ही सापळा म्हणून असते. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी सोडून मोहरीवर अंडी घालतो. ॲलिसमचे काम याच्या उलट आहे. ते शत्रूला गुंतवीत नाही, मित्राला शिधा पुरविते. दोहोंची गल्लत करू नये. मोहरीवर कीड दिसली तर ती योजना यशस्वी झाली असे समजावे. ॲलिसमवर कीड दिसली तर मात्र ते झाड उपटावे.

पेरणी

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बी पेरावे. पुणे, नाशिक, सातारा या बाजूस सप्टेंबरची पेरणी चांगली साधते. विदर्भ व मराठवाड्यात ऊन्ह उतरल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. कोकणात व गोव्यात पावसाची झड पूर्ण थांबेपर्यंत थांबणे भाग आहे. तेथे दमट हवेमुळे बहर तोकडा राहतो, परंतु रेताड जमीन व खारा वारा या झाडास मानवतात, ही जमेची बाजू.

पेरणीपासून फुलापर्यंत सहा ते आठ आठवडे लागतात. सप्टेंबरच्या मध्यास पेरलेले ॲलिसम नोव्हेंबरच्या पूर्वार्धात फुलते, म्हणजे मावा वाढण्याच्या आधी तीन-चार आठवडे. नोव्हेंबरअखेर पेरून जानेवारीत फुले आणली तर शोभा होईल, परंतु कोबी वाचण्याची वेळ तोवर निघून गेलेली असेल. म्हणून वेळेच्या बाबतीत हयगय करू नये.

बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे तीन हजार दाणे भरतात. घरापुरत्या बागेस चिमूटभर बी पुष्कळ झाले. पसरट कुंडी, फुटके घमेले किंवा लाकडी खोके घ्यावे, तळाला भोके असावीत. पोयटा माती, बारीक वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत समभाग चाळून भरावे. माती झारीने ओली करून घ्यावी. चिमूटभर बी मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून विरळ फेकावे आणि हाताने नुसते दाबावे. वर माती घालू नये. या बियांना उगवण्यास उजेड लागतो, आणि गाडलेले बी पुष्कळसे फुकट जाते. बी उगवले नाही अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा हेच असते. पाणी वरून जोराने घातल्यास बी एका कोपऱ्यात वाहून जाते. याकरिता कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यावी. वर ओले फडके न टाकता कुंडी उजेडात परंतु दुपारच्या उन्हाआड ठेवावी.

आठवडा ते पंधरवड्यात रोपे दिसू लागतात. याच वेळी रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात. दाट पेरणी आणि अति पाणी ही त्याची दोन कारणे होत. दाट झालेली रोपे चिमट्याने काढून टाकावीत, हळहळ करू नये. चार-सहा पाने आली, म्हणजे सुमारे चार आठवड्यांनी, संध्याकाळच्या वेळी मातीच्या गड्डीसह रोपे लावावीत.

लागवड व निगा

निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. काळ्या चिकण जमिनीत वाफ्याच्या बांधावर किंवा वरंब्यावर लावावे, सपाटीत पाणी तुंबून मुळे कुजतात. खताची या झाडास फारशी गरज नाही. लागवडीच्या वेळी रोपागणिक एक मूठ गांडूळखत पुरे. नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि फुले कमी येतात. उन्हाची जागा हवी. निदान चार-पाच तास ऊन मिळावे.

कोबीच्या दोन ओळींत ॲलिसम दाटीने लावण्याचा मोह टाळावा. जागेसाठी झोंबी होऊन गड्डे लहान राहतात. वाफ्याच्या चारी बांधांवर दर दीड ते दोन फुटांवर एक रोप, आणि वाफा मोठा असल्यास मध्यभागी ज्या जागी कोबीचे रोप मेले असेल तेथे एक, एवढे पुरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद वाफ्यास वीस-पंचवीस रोपे लागतात. दोन रोपे कुंडीत लावून दारात ठेवल्यास घराचीही शोभा होते, त्यास कोण नको म्हणेल?

पाणी भाजीबरोबरच मिळते, वेगळे द्यावे लागत नाही. स्वयंपाकघरातील भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी चालते. न्हाणीतील साबणाचे पाणी मात्र केळीकडे किंवा अळूकडे वळवावे.

पहिला बहर ओसरून झाडे विस्कटलेली दिसू लागली की कात्रीने निम्मी छाटावीत. दोन-तीन आठवड्यांत नवे फुटवे येऊन पुन्हा फुले येतात. सर्व झाडे एकाच दिवशी छाटू नयेत. आज एका बांधाची, पंधरा दिवसांनी दुसऱ्या बांधाची, असे केल्यास माशीला उपास पडत नाही. फेब्रुवारीअखेर ऊन तापले की झाडे थकतात. मैदानी भागात त्यांना उन्हाळ्यात जगविण्याचा खटाटोप करू नये. महाबळेश्वरसारख्या थंड जागी ती अधिक काळ टिकतात.

कोबीच्याच कुळातील असल्याने कोबीवरील काही किडी व रोग ॲलिसमवर येऊ शकतात. पानांस बारीक छिद्रे पाडणारे उडते भुंगेरे आणि चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी यांवर नजर ठेवावी. ज्या वाफ्यात यंदा कोबी व ॲलिसम होते तेथे पुढील वर्षी टोमॅटो, वांगी अथवा घेवडा घ्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात या कामी सर्वांत मोठा अडसर अज्ञानाचा आहे, बियाण्याचा नव्हे. सिरफिड माशीची अळी पानावर दिसली की पान खाणारी कीड समजून ती चिरडली जाते. माशी दिसली की दुधी, काकडी व दोडक्याला डंख मारणारी फळमाशी समजून तिच्यावर औषध मारले जाते. दोहोंच्या अंगावर पिवळे असते, त्यामुळे फसगत होते. फळमाशी फळावर बसते व चालते, आणि तिच्या मादीचे शेपूट फळात खुपसण्यासाठी टोकदार असते. सिरफिड माशी फुलासमोर अधांतरी तरंगते. एवढी खूण सांगितली तरी शाळेतील मुलेसुद्धा बिनचूक ओळखतात.

व्याख्यानापेक्षा एक बरणी अधिक काम करते. मावा असलेले कोबीचे पान देठासह काचेच्या बरणीत ठेवावे, त्यावर शोधून आणलेली एक सिरफिडची अळी सोडावी आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधावे. सायंकाळी मावा मोजून ठेवावा, सकाळी बायाबापड्यांसमक्ष पुन्हा मोजावा. रिकामी कातडी पानाला चिकटलेली दिसतात. बचत गटाच्या बैठकीत किंवा शाळेच्या वर्गात हा प्रयोग बिनखर्चात होतो.

प्रात्यक्षिकासाठी दोन परसबागा निवडाव्यात, शक्यतो एकमेकींपासून दूर, कारण माशी उडून शेजारी जाते. एकीत ॲलिसम लावावे, दुसरीत लावू नये. दोन्हीकडे दर आठवड्यास ठरलेल्या दहा झाडांवरील मावा व अळ्या मोजून वहीत लिहाव्यात. ॲलिसम लावले म्हणजे मावा येणारच नाही असे कोणासही सांगू नये. मावा प्रथम येतो, त्याच्या मागोमाग माशी येते, आणि मधले आठ-दहा दिवस जिवावर येणारे असतात. तेवढ्या काळात पानामागे पाण्याचा जोराचा फवारा मारून मावा झाडून काढावा, फार भरलेली पाने तोडून पुरावीत. मुंग्या माव्याचा गोड स्राव खातात आणि त्याच्या मोबदल्यात अळ्यांना हुसकून देतात, म्हणून वाफ्यातील मुंग्यांची वारुळे आधी मोडावीत. मावा त्याउपर वाढलाच, तर अर्धा किलो निंबोळीचे कूट दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, तो अर्क सायंकाळी फक्त मावा असलेल्या झाडांवर मारावा. ॲलिसमच्या फुलांवर कोणताही फवारा जाऊ देऊ नये. तुरीच्या फवारणीतील उरलेले औषध परसात येणार असेल, तर ॲलिसम लावण्याचे श्रम व्यर्थ आहेत. माशी मावापेक्षा आधी मरते आणि मावा पुन्हा दुप्पट होतो. हे घरातील स्त्रियांना विशेषेकरून सांगावे. परसाची राखण त्यांच्याकडे असते आणि पंप अडविण्याचे काम त्याच करू शकतात.

बी धरणे

फेब्रुवारीत खालच्या शेंगा पिवळट होऊ लागल्या की चांगल्या दोन-तीन झाडांची छाटणी थांबवावी. शेंगा गोल, चपट्या व अगदी लहान असून वाळल्यावर लगेच फुटतात. याकरिता सकाळी दव असतानाच फांद्या कापून कागदी पिशवीत उलट्या टांगाव्यात. आठ दिवसांनी चोळून, फुंकून बी साफ करावे. निरनिराळ्या रंगांची झाडे जवळ असल्यास परागांचा संकर होतो आणि पुढील वर्षी बहुतेक फुले पांढरी येतात. माशीला त्याने काही बिघडत नाही. बी कागदाच्या पुडीत बांधून, कोरड्या डब्यात, डाळीच्या कोठीशेजारी थंड जागी ठेवावे आणि पुडीवर वर्ष लिहावे. चांगले सुकविलेले बी दोन-तीन वर्षे उगवते. एका घरच्या दोन झाडांचे बी साऱ्या आळीला पुरून उरते.